एकट्याने न उघडणारं दार

माझी ताई मध्ययुगातल्या लढायांवर डॉक्टर झाली, तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "म्हणजे ही आता जखमी सैनिक तपासणार का?"

आई म्हणाली, "ते सगळे गेले हो. चारशे-पाचशे वर्षं झाली त्याला."

काकूंनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाल्या, "मग पगार कोण देणार?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पुढची तीन वर्षं पगार कोणीच दिला नाही. मुलाखतीला गेली की समोरचे तिघे तिचा प्रबंध उलटसुलट करायचे आणि मग त्यातला एक जण हमखास म्हणायचा, "बाईमाणसाने लढायांवर कशाला डोकं शिणवायचं? कला आहे, पोशाख आहेत, राण्या आहेत." ताई शांतपणे म्हणायची, "राण्यांना लढाया चुकल्या नव्हत्या." आणि घरी यायची. शेवटी एका मुलींच्या कॉलेजात तिला नोकरी मिळाली, तीसुद्धा आधीचे गृहस्थ पायऱ्यांवरून पडून अंथरुणाला खिळले म्हणून.

मी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटी. माझं औषधांचं दुकान आहे. मी तापट, ती शांत, आणि शांत माणसं तापट माणसांपेक्षा दसपट हट्टी असतात, हे मी जन्मभर भोगलं आहे. तापट माणूस ओरडून मोकळा होतो. शांत माणूस विसरत नाही.

तिचा अभ्यास करायचा प्रकार निराळा होता. बाकीचे इतिहासकार कागद वाचतात. तीही वाचायची, पण कागदात काही आलं की आधी विचारायची, "किती माणसं लागली?" दहा हजारांचं सैन्य एका दिवसात घाट चढलं, असं कोणी लिहिलं असेल, तर ही तो घाट स्वतः चढायची, वाट किती रुंद आहे ते मोजायची, एका वेळी किती जण शेजारी-शेजारी चालू शकतील याचा हिशोब करायची आणि मग सांगायची, "शेपटाकडचे लोक तिसऱ्या दिवशी पोचले असणार." तिच्या स्वयंपाकघरात मसाल्यांच्या डब्यांपेक्षा वजनं जास्त होती. आमच्या भाऊजींनी लोखंडी कपाट आणलं तेव्हा हमालांना पाणी द्यायच्या आधी हिने विचारलं, "जिन्यावरून वळवताना तुमच्यातल्या कोणी धरलं होतं, आणि कुठे?" हमालही बिचारे खुशीत येऊन सगळं दाखवत बसले.

भाऊजी घड्याळं दुरुस्त करतात. अत्यंत सोशिक माणूस. लग्नानंतर महिन्याभरात त्यांच्या आईने पाहिलं की नवी सून डोक्यावर जाड पितळी पातेलं उपडं घालून, हनुवटीखाली दोरीने बांधून, घड्याळ लावून खोलीत फेऱ्या मारते आहे. त्यांनी मुलाला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "हिला काही होतंय का रे?"

भाऊजी म्हणाले, "नाही आई, लढतेय ती. चाळीस मिनिटं झाली की थांबेल."

शिरस्त्राण घालून माणसाची मान किती वेळात भरून येते, ते तिला पाहायचं होतं. त्या एका पातेल्यातून तिचा एक मोठा लेख निघाला आणि त्याने दोन-चार जुन्या मंडळींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कॉलेजात तर ती मुलींच्या पाठीवर बारा-बारा किलो वाळूच्या पिशव्या बांधून मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावायची आणि मग तिथेच, धापा टाकत असताना विचारायची, "आता सांगा, पोचल्या-पोचल्या लढाल?" मुलींनी तिचं नाव सेनापती ठेवलं. प्राचार्यांकडे तक्रारी गेल्या. पुढच्या वर्षी तिच्या वर्गात बसायला जागा उरली नाही, तेव्हा तक्रारी आपोआप बंद झाल्या.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमच्या गावापासून बसने सहा तासांवर एक किल्ला आहे. तो कसा पडला हे शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असतं, कारण पुस्तकात एकच वाक्य आहे: 'फितूर पहारेकऱ्याने सारे झोपले असताना एकट्याने दरवाजा उघडला आणि गड पडला.' हे वाक्य मोठ्या सरांचं. मोठे सर म्हणजे आमच्याकडच्या इतिहासातला शेवटचा शब्द. ताईच्या गुरूंचेही गुरू, उंच, पांढरेशुभ्र, आवाज असा की सभागृहात ध्वनिक्षेपकाची गरज नाही. त्यांनी लिहिलं, त्यांच्या शिष्यांनी त्यांचा आधार देऊन लिहिलं, शिष्यांच्या शिष्यांनी शिष्यांचा आधार देऊन लिहिलं. चाळीस वर्षांत कागदावर कागद चढत गेले. त्या दाराजवळ जाऊन पाहावं, असं मात्र एकाच्याही मनात आलं नाही. हे फक्त विद्वानांनाच जमतं. माझ्या दुकानात एखादं खोकं हललं नाही, तर मी उठून खोक्याजवळ जाते.

ताई गेली. गडाच्या माथ्यावरच्या दरवाजात भिंतीला एक चौकोनी भोक होतं. दार बंद केलं की आतून आडवा घालायचा तो लाकडी अडसर, तो दार उघडताना भिंतीत मागे सरकवून ठेवण्याची ती जागा. ताईने भोकाची खोली मोजली, रुंदी मोजली, त्या मापाच्या लाकडाचं वजन काढलं, आणि तिचे डोळे चमकले. एवढा ओंडका एकटा माणूस हलवूच शकत नाही! मग एकट्या पहारेकऱ्याने दार उघडलं कसं?

त्या वेळी ती एकेचाळीस वर्षांची होती. मोठ्या परिषदेत तिने निबंध वाचला. मी मुद्दाम दुकान बंद ठेवून गेले होते, पहिल्या रांगेत बसले होते आणि आजूबाजूच्यांना सांगत होते की ही माझी बहीण. तिचं वाचून झालं. टाळ्या पडायच्या आत मोठे सर उठले.

"त्या भोकाच्या आत काय आहे, पाहिलंत?"

ताई म्हणाली, "खोली मोजली सर. काठी घालून."

"आत दिवा घातला असता, तर विटा दिसल्या असत्या. तो किल्ला बांधला तेव्हा तिथे वीट वापरत नव्हते. तो दरवाजा गड पडल्यानंतर दोनशे वर्षांनी बांधलेला आहे." मग जरा थांबून, सगळ्यांकडे बघत ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही चुकीच्या दारात हात घातलात."

सभागृह हसलं. दोनशे माणसं हसली, आणि त्यातली निम्मी सरांना बरं वाटावं म्हणून हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताई मात्र व्यासपीठावर कागद गोळा करत उभी होती. एक कागद खाली पडला, तो उचलायला ती वाकली, आणि लोक पुन्हा हसले. ती गोष्ट मी अजून कोणाला माफ केलेली नाही.

परतीच्या बसमध्ये मी तासभर सरांचा उद्धार करत होते. ताई खिडकीबाहेर बघत होती. शेवटी म्हणाली, "सर बरोबर होते."

"अगं, त्यांनी चारचौघांत तुझा अपमान केला!"

"केला ना. पण अपमान वेगळा आणि वीट वेगळी. वीट होती. मी दिवा घालायला हवा होता." आणि मग इतक्या हळू आवाजात बोलली की मला वाकून ऐकावं लागलं, "पण तो माणूस एकट्याने दार उघडू शकत नाही ग. ते दार मला सापडायला हवं."

त्यानंतरचा काळ वाईट गेला. तिला सगळे 'दारवाल्या बाई' म्हणू लागले. शाळेच्या नव्या पुस्तकाच्या समितीत तिचं नाव होतं, ते गळलं. तिचे लेख न वाचता परत यायला लागले. तिने समितीला पत्र लिहिलं की ते वाक्य पुन्हा छापू नका. समितीने उत्तर दिलं, ते अजून तिच्या टेबलाच्या काचेखाली आहे: नवीन पुस्तक आठ-नऊ वर्षांनी निघेल, एकदा निघालं की वीस वर्षं चालेल. तोवर पुरावा आणा आणि सरांना पटवा, मग बदलू. म्हणजे नवं पुस्तक छापखान्यात जायच्या आत मोठ्या सरांच्या तोंडून 'माझं चुकलं' हे वदवून घ्यायचं होतं. नाहीतर तो पहारेकरी आणखी वीस वर्षं फितूर आणि आमची ताई कायमची दारवाली.

ती पुन्हा कागदांकडे वळली. गड जिंकणाऱ्यांच्या दरबारी लेखकाने लढाईची हकीकत लिहून ठेवली आहे. ती तिने शंभरदा वाचली होती. एकशेएकाव्यांदा वाचताना तिला एक साधं वाक्य भेटलं: 'सकाळी दारातून आत शिरताना उन्हाने आमचे डोळे दिपले.' मला सात वाजता फोन आला.

"सकाळी ऊन डोळ्यांवर कधी येतं?"

"पूर्वेकडे तोंड असलं की. तू हे विचारायला मला उठवलंस?"

"म्हणजे ते पूर्वेकडे तोंड करून आत शिरले. म्हणजे दार पश्चिमेला होतं. आणि मी मोजलं ते उत्तरेला आहे!"

किल्ल्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, आता बाजारपेठ आहे. जुनी तटबंदी तिथे खालपर्यंत उतरलेली होती. लोकांनी तिच्या दगडांना टेकून दुकानं बांधली, भिंतींना रंग दिले, फळ्या ठोकल्या. म्हणजे दार कुठल्यातरी दुकानाच्या पोटात होतं. आणि दुकानं होती एकशे चाळीस.

चार वर्षं आम्ही दोघी सुट्टी मिळाली की सहा तास बसने जायचो आणि दुकानं बघायचो. पाठच्या भिंती बघायला आत तर शिरायला हवं, आणि काही न घेता आत शिरलं तर दुकानदार संशयाने बघतो. हे दुकानदार म्हणून मला ठाऊक आहे. म्हणून ताई प्रत्येक दुकानात काहीतरी घ्यायची. तिच्या घरात सात छत्र्या झाल्या, अकरा कुलपं, तीन बादल्या, डोक्याला न बसणाऱ्या टोप्या आणि कोणीच न वाजवलेली एक बासरी. भाऊजींनी तक्रार केली नाही. फक्त एकदा विचारलं, "पुढच्या रांगेत फर्निचरवाले नाहीत ना?"

त्या बाजारात एका चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर आम्ही दमून बसायचो. चार वर्षं तोच बाक. बाकाच्या पाठीशी एक सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पत्र्याने झाकलेलं, टायरं लटकवलेलं. ताईला सायकल येत नाही, तिथे विकत घेण्यासारखं काही नाही, आणि पत्रा नवा दिसत होता, म्हणून ते तिने यादीत सगळ्यात शेवटी ढकललं होतं.

एका दुपारी मला उन्हाने गरगरायला लागलं. पश्चिमेचं ऊन थेट बाकावर येत होतं. सायकलवाल्याने पाहिलं आणि आतून हाक मारली, "बाई, आत येऊन बसा. जरा ताडपत्री ओढतो." मी आत जाऊन स्टुलावर बसले. त्याने भिंतीवरची दोन टायरं बाजूला केली, भिंतीत हात घातला आणि ताडपत्री उचलायचा लोखंडी पाइप ओढायला सुरुवात केली.

पाइप येत राहिला. हातभर आला, दोन हात आला, पुरुषभर आला, तरी येतच होता. पाइप संपेचना! मी आधी समजले, मला भोवळ आली आहे.

"दादा," मी म्हटलं, "हा पाइप केवढा आहे?"

"बारा फूट."

"आणि भिंतीत मावतो?"

"आजोबांच्या वेळेपासून मावतो. ते त्यात बांबू ठेवायचे."

मी ओरडले. कशी ओरडले ते मला आठवत नाही, पण टपरीवाल्याच्या हातातून कप पडला. ताई धावत आत आली. तिने भिंत पाहिली, समोरची भिंत पाहिली, तिथे टायरांच्या मागे दीड फूट खोलीचं दुसरं भोक होतं. मग ती त्या दोन भिंतींच्या मधोमध उभी राहिली. चार वर्षं आम्ही ज्या दाराला पाठ टेकून चहा प्यायलो, त्याच दारात ती उभी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आमची गत.

पण तिने आधी काय केलं असेल? पर्समधून विजेरी काढली आणि भोकात डोकं घातलं. पाच मिनिटं ती तशीच वाकून होती. बाहेर आली तेव्हा केसांत कोळिष्टकं होती आणि ती लहान मुलीसारखी हसत होती.

"दगड. शेवटपर्यंत नुसता दगड. एकही वीट नाही!"

सायकलवाल्याला यातलं काही कळलं नाही. तो एवढंच म्हणाला, "वीट हवी होती का तुम्हाला?"

माझ्या मते त्याच दिवशी पेपरात छापून आणायला हवं होतं. पण दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. ताईने मला शपथ घातली आणि कोणालाही सांगू दिलं नाही. तिने रीतसर परवानगी काढली. भोकाच्या तळाशी धुळीत लाकडाच्या कपच्या अडकल्या होत्या. भाऊजी आपला लांब चिमटा घेऊन आले, पालथे पडून दोन तास खपले आणि एकेक कपची काचेच्या नळीत घालून दिली. कपच्या प्रयोगशाळेत गेल्या. अकरा महिन्यांनी उत्तर आलं: लाकूड गड पडला त्याच्या आधीच्या शंभर वर्षांतलं. लाकडाची जातही कळली, म्हणजे वजन कळलं. तेरा फूट लांब, चौदा इंच जाड, सव्वाचारशे किलो.

परिषद पुन्हा त्याच सभागृहात होती. पुस्तक चार महिन्यांत छापायला जाणार होतं. ताईने निबंधाऐवजी मागचं आवार मागितलं. आठ दिवस आधी गवंड्याने तिथे अकरा फुटांवर दोन जाड भिंती उभ्या केल्या, भोकांत त्याच डोंगराच्या खाणीतल्या दगडांच्या लाद्या बसवल्या, आणि सुताराने त्याच जातीच्या लाकडाचा अडसर घडवला, हाताने रेटता यावा म्हणून त्याला खुंट्या ठोकल्या. अडसर ट्रकमधून उतरवला, तेव्हा मी सुताराला विचारलं, "किती माणसं लागली?" विचारल्यावर माझं मलाच हसू आलं. रोग लागतो म्हणतात तो असा.

मोठे सर आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले होते, काठी होती, आवाज मात्र तोच. त्यांच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली होती. ताईने नव्या दाराचे फोटो त्यांच्या हातात दिले. सरांनी चष्मा चढवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "विटा?"

"नाहीत सर. या वेळी आत दिवा घालून पाहिलं."

काही लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांनी प्रयोगशाळेचा कागद नीट, ओळ न् ओळ वाचला आणि मान हलवली. "दार खरं आहे. पुढे चला."

ताईने कॉलेजच्या व्यायामशिक्षकांना बोलावलं. त्यांचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत. त्यांनी बाह्या सरसावल्या, अडसराला खांदा लावला आणि रेटला. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या. अडसर ढिम्म. त्यांनी पायाला टेकू घेऊन पुन्हा जोर केला. अडसर ढिम्म. "दोघे," ताई म्हणाली. दोघांनी काही झालं नाही. चौघांनी तो शहारल्यासारखा झाला. सहावा माणूस लागला, तेव्हा तो सरकला, आणि सरकताना दगडावरून असा काही करकरला की आवारातली कबुतरं उडाली आणि पलीकडच्या रस्त्यावरून दोन माणसं काय कोसळलं ते बघायला धावत आली.

"सारे झोपले असताना," ताई म्हणाली. एवढंच. मला त्या क्षणी तिला उचलून घ्यावंसं वाटलं.

सर उठले. "तेल लावलं असेल तर?"

"लावू या सर." तिने पायाशी ठेवलेला डबा उघडला. तेल आणून ठेवलं होतं! लाद्यांवर ओतलं, अडसराला चोपडलं. व्यायामशिक्षक एकटे लागले. नाही. दोघे. नाही. तिसरा आल्यावर हलला, आणि आवाज कमी झाला, पण गेला नाही.

"मग तिघे फितूर होते," सर म्हणाले. "किंवा सहा. फितुरी म्हटली की एकटा नसतो माणूस."

हा मुद्दा येणार हे तिला ठाऊक होतं. आठ वर्षं तिने सरांच्या डोक्यातच मुक्काम ठोकला होता.

"फासावर एकटा तो पहारेकरी चढला, सर. बाकीच्यांना कोणी बोटही लावलं नाही. दारावर सहा माणसं एकदम, उघड उघड, एवढा आवाज करत लागतात, ती हुकुमाशिवाय लागत नाहीत. हुकूम द्यायचा अधिकार गडावर एकाच माणसाला होता."

"किल्लेदार," सर म्हणाले.

"आणि पहारेकऱ्याने एकट्याने दार उघडलं, ही हकीकत त्या दरबारी लेखकाने कोणाकडून ऐकली, ते त्याने स्वतःच लिहिलंय. किल्लेदाराकडून. सहा महिन्यांनी तोच किल्लेदार जिंकणाऱ्यांच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर दिसतो. गड त्याने स्वतः ताब्यात दिला आणि खापर फोडलं सगळ्यात लहान माणसाच्या डोक्यावर. त्या माणसाची बाजू मांडायला कोणी नव्हतं."

सर काठी टेकत पुढे आले. त्यांनी काठी ताईच्या हातात दिली, कोटाची बटणं काढली आणि अडसराच्या खुंटीला दोन्ही हात लावले. "सर, नको, अंगावर बेतेल," असं कोणीतरी म्हणालं. सरांनी ऐकलं नाही. त्या म्हाताऱ्या माणसाने डोळे मिटून, दात ओठांवर दाबून, जीव तोडून तो अडसर रेटला. कोणी हसलं नाही. मग ते मागे सरले, तेलाने माखलेले हात तसेच पुढे धरून वळले आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "या मॅडमना मी इथेच सांगितलं होतं की तुम्ही चुकीच्या दारात हात घातलात. मी तर कुठल्याच दारात हात घातला नव्हता. जवळजवळ पन्नास वर्षं मी एका निरपराध माणसाला फितूर म्हणत आलो. माझं चुकलं."

मग ताईकडे बघून म्हणाले, "समितीला मी आज पत्र लिहितो. पण वाक्य तुम्ही लिहा. मला हक्क नाही."

टाळ्या मी सुरू केल्या, हे मी अभिमानाने सांगते. मग दोनशे माणसं उठून उभी राहिली. व्यायामशिक्षक तर शिट्ट्या मारत होते. भाऊजी एका कोपऱ्यात उभे राहून चष्मा पुसत होते, पुन्हा घालत होते, पुन्हा पुसत होते. आणि माझी शांत बहीण, जी हसं झालं तेव्हा रडली नव्हती, ती सरांची काठी छातीशी धरून हमसाहमशी रडत होती, आणि सर तिच्या पाठीवर हात फिरवायला जात होते आणि हाताला तेल आहे म्हणून मागे घेत होते.

पुढे बरंच झालं. विद्यापीठाने तिला बोलावून घेतलं. परत आलेले लेख माणसं स्वतःहून मागायला लागली. आता परदेशातूनही लोक येतात, सायकलच्या दुकानात उभे राहून भोकात विजेरी घालतात, आणि सायकलवाला त्यांना सगळी लढाई रंगवून सांगतो. त्यात पाइपचं श्रेय तो स्वतःकडे घेतो. घेऊ दे.

नवं पुस्तक दुकानांत आलं, त्या सकाळी मी पहिली प्रत घेतली आणि रस्त्यातच ते पान उघडलं. नंतर दुकानात जाऊन गल्ल्यामागे उभी राहिले आणि मोठ्याने वाचलं: 'किल्लेदाराच्या हुकुमाने सहा माणसांनी दरवाजा उघडला आणि गड शत्रूच्या हाती गेला. ज्या पहारेकऱ्याला त्यासाठी फाशी दिली, त्याचा काहीही दोष नव्हता.' खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या एका आजोबांना ते तीनदा ऐकावं लागलं. तिसऱ्यांदा ऐकून ते म्हणाले, "बरं झालं बिचाऱ्याचं." मी म्हटलं, "माझ्या ताईने केलं." आणि तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, मी मोठ्याने रडले.